ससा अजून अडकलेलाच आहे

शेवटचं बोलणं झालं ते दुपारी, तांदूळ निवडताना. अक्का खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी हाक दिली, "पाउक्वा!" मी मान वर न करता म्हटलं, "आज नको हो अक्का, अगदी दमलेय." त्या इथल्या कानडी वळणाने म्हणाल्या, "सरी, बरं." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला पाच आठवडे झाले... माझी दमणूक मात्र तशीच आहे.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न होऊन झांझिबारला गेल्या. यजमान तिथल्या बंदरावर कारकून. ते वारल्यावर एक ट्रंक आणि लवंगांची पिशवी घेऊन आमच्या चामराजपेटेतल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. खोटं कशाला सांगू, मी मनातून धुसफुसले होते. घरात आधीच पाच माणसं आणि नळाला पाणी तासभर. येणारे-जाणारे विचारायचे, "तिथे सगळं जंगलच ना?" त्यावर अक्का शांतपणे पितळी खिळ्यांच्या नक्षीदार दारांबद्दल, दगडी वाड्यांबद्दल आणि वाऱ्याची दिशा बघून येणाऱ्या अरबी गलबतांबद्दल सांगायच्या. विचारणाऱ्याचा चहा गार होऊन जाई.

तिथल्या शेजारच्या स्वाहिली म्हातारीने त्यांना खूप गोष्टी सांगितल्या होत्या. त्या मराठीत उतरवायच्या, एवढीच त्यांची शेवटची इच्छा होती. हात थरथरायचा, म्हणून लिहायचं मी. पण नियम तिकडचाच. सांगणारीने "पाउक्वा" म्हणायचं, ऐकणारीने "पाकावा". उत्तर आलं नाही तर गोष्ट नाही. "भिंतीला काय सांगू?" असं म्हणायच्या. शेजारच्या, बेळगावकडच्या शांताबाईसुद्धा हे शिकल्या होत्या. "स्वल्प थांबा अक्का, दूध उतू जातंय," असं ओरडून धावत यायच्या.

पहिली गोष्ट लिहिली तेव्हा मी सवयीने खाली 'तात्पर्य' जोडलं. अक्का भडकल्या. "तात्पर्य कुणी मागितलं होतं? ससा लबाड आहे आणि मला आवडतो, संपलं!" मी निमूटपणे खोडलं.

शेवटची गोष्ट दुष्काळाची. सगळे प्राणी विहीर खणतात, ससा अंग चोरतो आणि मग गुपचूप पाणी पितो. शेवटी कासव पाठीला चीक फासून पाण्यात दबा धरून बसतं. ससा पाठीवर पाय ठेवतो आणि चिकटतो. इथवर सांगून अक्का म्हणाल्या, "उरलेलं उद्या." तो उद्या म्हणजे ती तांदळाची दुपार.

हे म्हणतात, "तूच लिही काहीतरी, कुणाला कळणार आहे?" मी दोनदा बसले. एकदा सशाला मार दिला, एकदा सोडून दिलं. दोन्ही वेळा पान फाडलं. मी फार वाईट वागले, असं वाटत राहतं. तीन अक्षरं उच्चारायला किती ताकद लागते?

काल दुपारी शांताबाई आल्या आणि माझ्यासमोर तांदूळ निवडायला बसल्या. मी खुर्चीकडे बघून हळूच म्हटलं, "पाउक्वा."

"पाकावा," त्या लगेच म्हणाल्या.

मी विहीर सांगितली, कासव सांगितलं, चीक सांगितला आणि थांबले. त्यांचा हात सुपातच राहिला.

"मग? सुटला का ससा?"

"नाही हो," मी म्हटलं. "मी उत्तर दिलं नाही ना..."