काचेचं कपाट आणि ल्यूशसचा फोटो

ओझेला टार्वर गोड बोलायला लागली की तिची मुलगी रेनिटा सावध व्हायची. आणि गेला आठवडाभर ओझेला फारच गोड बोलत होती. रविवारी चर्चच्या दारात तिने हॉलिस ग्रेडीच्या सत्काराची बातमी ऐकली आणि चक्क हसून म्हणाली, "छान झालं की. चांगला माणूस आहे."

सत्तरी ओलांडलेल्या या बाईने उभ्या आयुष्यात कोणाला माफ केल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. तिच्या केकला कोरडा म्हणणाऱ्या चर्चमधल्या युलालीबाईशी ती एकाच बाकावर बसून अकरा वर्षं बोलली नव्हती. ज्यांच्याशी वैर, त्यांच्या अंत्यविधीला ती न चुकता जायची. "पेटीत तोच आहे ना, बघून येते," म्हणायची आणि मोठी टोपी चढवून निघायची. शाळेची बस चालवण्यात तिचा सगळा जन्म गेला. बसमध्ये काळी, गोरी सगळीच पोरं तिला टरकून असायची, पण पावसात एकाही पोराला तिने कधी रस्त्याच्या कडेला उभं ठेवलं नाही.

ग्रेडीवरचा राग मात्र केकवरच्या रागासारखा नव्हता.

एकोणीसशे सत्तर साली, ओझेला सोळा वर्षांची असताना, अमेरिकेच्या सरकारच्या हुकमाने गावातल्या काळ्या आणि गोऱ्या मुलांची शाळा एक झाली. म्हणजे काळ्यांची चिनाबेरी रोडवरची शाळा बंद झाली आणि गोऱ्यांची चालू राहिली. त्या उन्हाळ्यात गोऱ्यांच्या शाळेतला तरुण क्रीडाशिक्षक हॉलिस ग्रेडी ट्रक घेऊन आला. चिनाबेरीच्या पोरांनी जिंकलेल्या ढाली, बँडचे ढोल, भिंतीवरचे फोटो, सगळं त्याने ट्रकमध्ये भरलं. कचराडेपोत टाकायला.

त्या फोटोंत ल्यूशस होता. ओझेलाचा मोठा भाऊ, व्हिएतनामच्या युद्धात आदल्याच वर्षी मेलेला. घरात त्याचा एकच फोटो होता, लष्कराच्या टोपीतला, कोणीतरी दटावून बसवल्यासारखा. शर्यत जिंकून दात काढून हसणारा ल्यूशस फक्त शाळेच्या भिंतीवर होता. ओझेला ट्रकपाशी गेली आणि म्हणाली, "सर, तेवढा एक द्या." ग्रेडीने तिच्या देखत ती चौकट ट्रकमध्ये भिरकावली. "जुनं कशाला उगाळायचं, पोरी? आता सगळ्यांची शाळा एक."

काच फुटल्याचा आवाज तिने ऐकला. पुढे नोकरीभर तिची बस रोज त्या कचराडेपोवरूनच गेली.

आणि आता, फेब्रुवारीत, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या महिन्यात, त्याच ग्रेडीने शाळेला काचेचं मोठं कपाट भेट दिलं होतं. काळ्या विद्यार्थ्यांच्या आठवणी जपायला. शुक्रवारच्या कार्यक्रमात त्याचा सत्कार होता, आणि मुलांचं जिवंत संग्रहालय तोच सगळ्यांत आधी बघणार होता. मुलं थोरांच्या वेषात पुतळ्यासारखी उभी राहतात, पायापाशी लाल कागदाचा गोल असतो. पाहुण्याने त्यावर पाय ठेवला की पुतळा बोलू लागतो. चौथीतल्या बहुतेकांनी शास्त्रज्ञ आणि पुढारी निवडले होते. रेनिटाची लेक झानिया मात्र आजी होणार होती, या शाळेच्या बसची पहिली काळी चालक. वर्गाच्या बाईंना कल्पना फार आवडली होती.

गुरुवारी रेनिटा औषधाच्या दुकानातली पाळी संपवून लेकीला न्यायला आईकडे आली, तेव्हा स्वयंपाकघरात तालीम चालली होती. झानिया आजीची बसवरची टोपी घालून उभी होती.

"माझा भाऊ ल्यूशस," ती म्हणत होती, "त्याचा फोटो या माणसाने कचऱ्यात टाकला. मिस्टर ग्रेडी, तुमच्या कपाटात तो..." पोरगी थांबली. शर्टाची बाही तिच्या दातात होती.

"बाही सोड. आणि बोट दाखवायचं, बाळा. सरळ त्याच्या नाकाकडे," ओझेला म्हणाली.

"ग्रॅनी, ते रडतील का?"

"रडले तर बरंच. आवाज मोठा ठेव."

झानियाच्या ताटातली कोंबडी तशीच होती. पोट दुखतंय म्हणत ती दोन दिवस का जेवत नव्हती, हे रेनिटाला आत्ता कळलं. तिने पोरीला अंगणात पिटाळलं.

"मम्मा, ती नऊ वर्षांची आहे."

"मी सोळाची होते. मला कोणी अंगणात पाठवलं नाही."

"तुझं भांडण तू भांड. तिला कशाला पुढे करतेस?"

"मी बोलले तर म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं. दोघं जण दंडाला धरून बाहेर नेतील, वर पाणी पाजतील," ओझेला शांतपणे ताट झाकत म्हणाली. "पोरीला कोण धरणार? आधी टाळ्या वाजवतील, गं. मग कळेल कशाला वाजवल्या. तेव्हाचं त्याचं तोंड मला बघायचंय. त्यासाठीच जगलेय म्हण हवं तर."

"आणि पुढचं वर्षभर त्या वर्गात बसायचं कोणी?"

ओझेलाने खिडकीतून झानियाकडे पाहिलं. पोरगी पायरीवर पोट धरून बसली होती. पाहता पाहता म्हातारीची मान खाली गेली.

"मग तो फुलं घेऊन घरी जाणार," ती म्हणाली. "याही वेळी."

रेनिटाला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी ग्रेडीचं ते कपाट दगडाने फोडावंसंही वाटलं. असला राग आपल्यातही आहे, हे तिला नवीन होतं. वाईट मात्र वाटलं नाही.

"तसाच नाही जाणार," ती म्हणाली. "झानिया फक्त तुझ्या बसचं सांगेल. तिच्या शेजारी तू उभी राहा, म्हणजे ल्यूशसचं तुझ्या तोंडून येईल. माईकवरून. तुझ्या दंडाला हात लावायला कोणी आलं, तर मध्ये मी आहे."

"मला कोण उभं करतंय? ती मुख्याध्यापिका तर त्याचे जोडे उचलायचीच बाकी आहे."

"विचारते ना. नाही म्हणाली तर का नाही, तेही उद्या भर सभेत विचारीन."

ओझेलाने लेकीकडे निरखून पाहिलं. "तू माझीच आहेस म्हणायची," ती पुटपुटली.

रेनिटाने फोन काढला आणि मुख्याध्यापिकाबाईंचा नंबर लावला.