कथेत गाव पाहिजे

आमच्या उमरखेडच्या विज्ञानकथा मेळाव्यात पहिल्या वर्षी सगळ्यांच्या कथा मंगळावर, नाहीतर अमेरिकेत घडल्या. मी भडकलो. “काहून? आपल्या गावाले भविष्य नाही काय?” तेव्हापासून नियमच झाला. काळ कितीही पुढचा असो, कथेत लिहिणाऱ्याचं गाव पाहिजे. नसलं तर मी वाचन मधेच थांबवतो, मग कोणी रुसलं तरी चालेल.

यंदा बाभुळगावच्या एका मुलीनं कथा वाचली. तिच्या गावात कापूस यंत्रं वेचतात, नळाला दिवसभर पाणी असतं, एसटी अगदी वेळेवर येते. फक्त गाडीतून उतरायला कोणी नसतं.

गाव कथेत होतं. मला थांबवता येईना. समोर बसलेल्या बहुतेकांची मुलं पुण्यात आहेत. माझीही.