माग बंद असतानाचा मरून

"मास्तर, हा रंग खरा नाही."

डावा डोळा मिटून, सुताची लडी टीव्हीच्या काचेला लावून जावईबापू असं म्हणायचे. लडी माझी, रंग माझा, आणि खरा नाही म्हणणारे हे. मी म्हणायचो, "मग खोटा असंल." ते हसायचे नाहीत. पुढ्यातल्या मशीनवर एक आकडा बदलायचे आणि परत डोळा मिटायचे.

मी शिकलेला नाही. चौथीत शाळा सुटली, ते शाळेलाही बरंच वाटलं असणार. आता लिहायला बसलोय कारण बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, आणि भिंतीशी बोललो की सून घाबरते. तिची आठवण काढायला बसलं की मध्येच हे जावईबापू येऊन बसतात. तेव्हा आधी त्यांना उरकतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा चादरींचा कारखाना. आमचा म्हणजे मालकाचा. मी तिथं सूत रंगवायचो, म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मालकाला एकुलती एक मुलगी. तिचा नवरा अमेरिकेत शिकला, तिथं थोडी नोकरी केली आणि परत आला तो सासऱ्याच्याच घरी उतरला आणि राहिला. मागावरचे तेलुगू विणकर त्यांना अल्लुडुगारू म्हणायचे, आम्ही मराठी लोक जावईबापू. अर्थ एकच.

सासऱ्याच्या कारखान्यातला जावई तुम्हीही कुठं ना कुठं पाहिला असेल. खुर्ची सगळ्यात चांगली, चहा सगळ्यात आधी, काम काहीच नाही. त्याला कुणी उलट बोलायचं नाही आणि त्याचं कुणी ऐकायचंही नाही. देव्हाऱ्यातल्या देवाचं बरं, त्याच्याकडं लोक निदान काहीतरी मागतात.

तर ह्या देवानं येताना अमेरिकेहून एक मशीन आणलं. टाइपरायटरसारखा डबा, त्याला जोडलेला रंगीत टीव्ही, आणि तिकडचा करंट आपल्या निम्मा म्हणून मध्ये एक जड ट्रान्सफॉर्मर, पिठाच्या गिरणीसारखा घुमणारा. सोलापुरात तेव्हा साधा टीव्हीही दिसत नव्हता. बातमी पसरली तशी माणसं सिनेमा बघायला आली. पडद्यावर दिसली चादर. माणसं म्हणाली, चादर तर घरी आहे, आणि गेली.

पण जावईबापूंचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं. नव्या रंगाची चादर कशी दिसेल हे बघायचं तर आम्हाला सूत रंगवायला लागायचं, वाळवायला लागायचं, मागावर चढवायचं, नमुना विणायचा, आणि मग मालक तो बघून म्हणायचे, "नको." ह्यांच्या मशीनवर चादरीची नक्षी एकदा काढली की आकडे दाबायचे. एक आकडा रंगाचा, एक उजेडाचा. दाबला की अख्खी चादर हिरवी. परत दाबला की पिवळी. एका वेळी पाचच रंग बसायचे, पण ते पाच कुठले ते आपण ठरवायचे. चादरीला पाच म्हणजे चैनच.

अडचण एकच. पडद्यावरचा मरून आणि माझा मरून जुळला पाहिजे. आणि माझा मरून दर लॉटला वेगळा यायचा. मालकाला चालायचा, गिऱ्हाइकाला चालायचा, बोरामणीच्या बाजारात तर हातोहात खपायचा. चालायचा नाही फक्त जावईबापूंना.

केलेलं काम ते टेपच्या कॅसेटवर ठेवायचे. मी एकदा ती कॅसेट चहावाल्याच्या टेपमध्ये घालून वाजवली. माकडांची भांडणं लागल्यासारखा आवाज आला. चहावाला म्हणाला, "मास्तर, हे कुठल्या पिक्चरचं?" मी म्हटलं, "आमच्या जावयाची चादर आहे."

माझी बायको त्याच कारखान्यात चादरीच्या टोकाच्या दशांना गाठी मारायची. जावईबापू तिला अक्का म्हणायचे. ती एकदा माझा डबा घेऊन त्या खोलीत आली. पडद्याकडं बघून म्हणाली, "ह्यो लाल न्हाय. ह्यो उतरत्या मेंदीचा हाय."

झालं. जावईबापूंनी खुर्ची पुढं केली. त्या खोलीत मला कधी खुर्ची मिळाली नव्हती.

"अक्का, आणि हा?"

"ओल्या हरभऱ्याचा."

"हा?"

"शिळ्या पिठल्याचा. ह्यो नका घेऊ, जावईबापू. कोण पांघरंल?"

तेव्हापासून तिला रोज बोलावणं. आकडे काही त्यांच्या ध्यानात राहायचे नाहीत, पण शिळं पिठलं राहायचं. कारखान्यात बाईला रंगाचं कुणी विचारत नसे. ही घरी येऊन भाकरी थापतानाही रंग सांगायला लागली. मी म्हटलं, "अगं, तुला पगार गाठीचा मिळतोय." ती म्हणाली, "मग रंगाचं फुकट सांगते की. तुमचं काय जातंय?"

मालक मात्र कंटाळले होते. जावयाला काढून टाकता येत नाही, पण दुसरीकडं ठेवता येतं. लांब पुण्याच्या रस्त्यावर टेंभुर्णीला त्यांचा पेट्रोलपंप होता. त्यांनी जावईबापूंना बसवून, दुधाचा चहा पाजून सांगितलं, की दिवाळीच्या हंगामात तुमच्या पडद्यावरची एक तरी चादर कुणी व्यापाऱ्यानं मागितली तर ही खोली तुमची. नाहीतर टेंभुर्णीची हवा फार चांगली आहे.

जावईबापू माझ्या बायकोला म्हणाले, "अक्का, मला ह्या कारखान्यात काम पाहिजे. नुसता चहा नको."

"मिळंल की," ती म्हणाली. जणू मालक तिचा भाऊ लागत होता.

आता एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली पाहिजे. सगळे माग एकदम चालू झाले की एमआयडीसीत लाईट अशी खाली यायची की बल्ब कंदिलासारखे दिसायचे. त्यात त्या अमेरिकन टीव्हीचे रंग घसरायचे. मरून कधी जांभळा व्हायचा, कधी विटकरी. म्हणून जावईबापू रंग बसवायचे ते सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना.

खंडेनवमीला माग बंद. विणकरांनी धोटे, कांड्या पुसून मागांची पूजा केली, नारळ फोडले. बायकोनं ताट उचललं आणि थेट मशीनच्या खोलीत गेली. डब्याला हळदकुंकू, टीव्हीला हार. विणकर दारातून बघत होते. एक म्हातारा विणकर तेलुगूत काहीतरी बोलला. मी विचारलं तर म्हणाला, "बाकीची यंत्रं कमावतात, म्हणून पूजा. हे काय कमावतंय?" जावईबापूंना तेलुगू कळत होतं. त्या दिवशी दिवसभर बसून त्यांनी मरून बसवला. मी लडी धरली, बायकोनं "हां" म्हटलं. पहिल्यांदाच त्यांनी दोन्ही डोळ्यांनी बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, हा खरा."

पुढच्या आठवड्यात हैदराबादचा व्यापारी आला. मोठं गिऱ्हाईक. जावईबापूंनी मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं, की दाखवताना थोडा वेळ माग बंद ठेवा. जावयाला नाही म्हणायचं नसतं. मालक म्हणाले होते, "बघू." दिवाळीच्या तोंडावर माग कोण बंद करतंय? माग धडधडत होते, ट्रान्सफॉर्मर कण्हत होता आणि पडद्यावर चादर आली. मरूनच्या जागी भलताच रंग. जांभळा म्हणावा तर नाही, मरून म्हणावा तर नाही. मी इतकी वर्षं रंगात हात घातले, असा रंग बघितला नव्हता. बायको माझ्या मागं उभी होती, तिनंही तोंडावर पदर धरला.

व्यापारी पुढं वाकला. "येच होना मेरेकू," तो म्हणाला. "बाकी रखो. ये कलर में कितनी चादर देते बोलो."

मालकांच्या तोंडावर असा आनंद, जसा मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता. मला वाटलं, मिळाली खोली. आणि जावईबापूंनी तोंड उघडलं.

"हा रंग खरा नाही."

मालकांनी त्यांच्या पायावर पाय दिला. मला दिसला.

"माग चालू आहेत म्हणून असा दिसतोय," जावईबापू म्हणाले. "माग थांबले की जाईल. मी तुम्हाला खरा दाखवतो."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "मालक, मी रंगवून देतो की. त्यात काय?"

"मास्तर, कशावरून रंगवणार? लडी धरेपर्यंत हा बदलतोय. ह्यांना कबूल करायचा हा, आणि पाठवायचा दुसराच?"

तेवढ्यात कुठलातरी माग थांबला असेल. रंग हलला, विटकरी झाला. व्यापारी हसला. म्हणाला, "तुम लोगां पैले अपने में तय करो, मियाँ." चहा प्याला आणि नेहमीच्या मरून चादरींची ऑर्डर देऊन गेला. आमच्या जुन्या मरूनची, जो दर लॉटला वेगळा येतो.

माणसाला खरं बोलायची खाज असावी, पण जरा दम धरून खाजवावं की नाही? घरी येऊन मी हेच म्हटलं. बायको चूल फुंकत होती. म्हणाली, "खोटं सांगून इकली असती तर तुमाला गोड लागली असती व्हय?"

"त्याची खोली राहिली असती."

"आन् चादर गेल्यावर शिव्या कुणी खाल्ल्या असत्या? त्येनीच की." मग तिनं जेवायला वाढलं, पण ताट जरा जोरात ठेवलं.

जावईबापू टेंभुर्णीला गेले. मालकांनी पेढे वाटले, जशी काही बढती झाली होती. मशीन बरोबर गेलं. त्या खोलीत आम्ही सुताची पोती रचली. खोलीला कामाला लावायला आम्हाला एक दिवस पुरला.

पुढं काही वर्षांनी बायकोच्या बहिणीकडं जाताना आम्ही टेंभुर्णीत उतरलो. मी म्हटलं, कशाला? ती ऐकते थोडीच. पंपावर हीऽऽ ट्रकांची रांग. समोरच दुसरा पंप होता, तिथं माश्या. जावईबापू बनियनवर, हात काळे, एका ड्रायव्हरला मोठ्यानं सांगत होते, "घाई असेल तर समोर जा. तिथं रॉकेल मिसळून मिळेल." ड्रायव्हर गुमान रांगेत थांबला. पोरं त्यांना शेठ म्हणत होती. जावईबापू कुणीच म्हणत नव्हतं. मी म्हटलं आणि मलाच चुकल्यासारखं झालं.

"मशीन कुटं हाय?" बायकोनं विचारलं.

"ट्रान्सफॉर्मर जळाला, अक्का. झाकून ठेवलंय." आणि लगेच, "चहा घेणार ना? इथं चहा मलाच सांगायला लागतो. कुणी आणून देत नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा, जसं कुणी पदक दाखवावं.

ते वारल्याचं आम्हाला उशिरा कळलं. त्या दिवशी ही जेवली नाही. मी म्हटलं, "तुझा कोण लागत होता?" तिनं माझंच ताट उचललं आणि घासायला घेतलं. आता तीही नाही, त्यामुळं ते उत्तर राहिलंच.

टेंभुर्णीचा तो दिवस मात्र नीट आठवतो. तिथून निघताना एस.टी. भरून येत होती, पंपाशी थांबायची नव्हती. जावईबापू हायवेच्या मधोमध जाऊन उभे राहिले, काळा हात वर करून. ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग शिवी दिली, मग गाडी थांबवली. हिचे गुडघे दुखायचे. एक पायरी चढायची, थांबायची, दांडा धरायची. कंडक्टर ओरडत होता. जावईबापू बोनेटला पाठ लावून उभे होते, तोंड समोरच्या रस्त्याकडं, जसं काही मागची गाडी त्यांना माहीतच नाही. ही खिडकीपाशी बसली, पिशवी मांडीवर घेतली, पदर सारखा केला. तोवर ते पुढून हलले नाहीत.