कुलूपकाकांचा सर्व्हर

कुलूपकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षं औषधांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढलेला माणूस. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, चार पावलं जायचं आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण जित्याची खोड. साखरेच्या डब्याचं झाकणसुद्धा ते ओढून बघत.

काकूंचा कारभार नेमका उलटा. त्या परिचारिका होत्या. नोकरी संपल्यावर त्यांनी एक उद्योग मांडला. लोकांच्या माळ्यावर धूळ खात पडलेल्या चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या गोळा करायच्या आणि ज्याला लागतील त्याला फुकट वापरायला द्यायच्या. फोन करा, घेऊन जा, काम झालं की आणून द्या. सगळी यादी काकूंच्या डोक्यात.

"अगं, ओळखपत्र तरी बघत जा," काका म्हणत.

"पाय मोडलेला माणूस खुर्ची घेऊन पळणार कुठे?" काकू विचारत. यावर काका उठून दाराची कडी ओढून बघत.

आता सोमवारी काकूंच्याच गुडघ्याचं ऑपरेशन होतं. पुढचा महिनाभर फोन कोण घेणार, याची धास्ती त्यांना ऑपरेशनपेक्षा जास्त होती. काकांनी एकदोनदा घेऊन बघितला, पण "कोण? कुठून? कशासाठी?" ऐकून माणसं फोनच ठेवून देत. तेव्हा काकांनी जाहीर केलं, की आपण वेबसाइट करतो. यादी तिथे दिसेल, लागेल त्याने मागणी नोंदवायची. "तू निर्धास्त राहा, सोमवारच्या आत चालू झालेली असेल," ते म्हणाले. बायकोचा जीव जरा खाली पडावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

काकूंच्या बहिणीची मुलगी कॉम्प्युटरच्याच क्षेत्रातली. तिने दूरच्या कुठल्याशा शहरातला एक सर्व्हर भाड्याने घेऊन दिला आणि चार रविवार शिकवलं. पानं काकांनी स्वतः बनवली, घरच्या कॉम्प्युटरवर ती झकास चालली. शनिवारी सकाळी ती सर्व्हरवर चढवायची होती. त्याआधी काकांनी थोडं वाचन केलं. सर्व्हरला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि फायरवॉल नावाचा पहारेकरी ती राखतो, हे कळल्यावर काकांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. त्यांनी पहारेकऱ्याला हुकूम सोडला: सगळी बंद. मग समाधानाने बाहेर पडून चहा प्यायले.

परत आले तर सर्व्हर ओळखच देईना. एकदा, दोनदा, तीनदा प्रयत्न झाले, सवयीने चौथाही झाला. दरवेळी तेच उत्तर, की पलीकडून प्रतिसाद नाही. काकांनी सर्व्हरच्या कंपनीला शिस्तीबद्दल चार खडे बोल लिहून पाठवले आणि मग नाइलाजाने भाचीला फोन लावला.

"काका, बंद करायच्या आधी आपलं पोर्ट उघडं ठेवलंत ना?"

"आपलं कुठलं?"

"ज्यातून तुम्ही स्वतः आत जाता ते."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा."

भाचीने पोटभर हसून घेतलं. कंपनीच्या पानावर अशा शहाण्यांसाठीच एक आणीबाणीची खिडकी असते, तिथून तिने त्यांना आत घेतलं. "आता तुमचं एक आणि वेबसाइटची दोन, एवढी उघडा," म्हणाली. काकांनी पानं चढवली आणि ती तीन दारं उघडली, आपल्या पद्धतीने.

रविवारी सकाळी काकूंनी फोनवर पान बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. लगेच त्यांनी जुन्या मैत्रिणीला कळवलं. मैत्रिणीकडे काहीच उघडेना. समोरच्या घरातही उघडेना. इथे मात्र तिन्ही खोल्यांत, अगदी गॅलरीतसुद्धा, उत्तम दिसत होतं. दुपारपर्यंत काकांनी चालू असलेल्या तीन गोष्टी बंद पाडून पुन्हा चालू केल्या. शेवटी पुन्हा भाची.

"फायरवॉलची यादी वाचून दाखवा," ती म्हणाली. काकांनी वाचली.

"शेवटचा आकडा कसला?"

"आपल्या घरच्या इंटरनेटचा पत्ता."

"म्हणजे वेबसाइट जगात फक्त तुमच्याच घरात दिसणार."

"सुरुवातीला ओळखीचीच माणसं बरी," काका म्हणाले.

काकू पलंगावरून ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत. "अहो, ज्याच्या घरी अचानक माणूस पडतो, तो आपल्या ओळखीचा कसा असणार? आणि मी तर उद्यापासून घरात नाही. मग हे घरात दाखवून कुणाला दाखवणार?"

काका ओशाळले. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, तिचं कामच आपण अडवून ठेवलं होतं. त्यांनी तो पत्ता खोडला आणि तिथे लिहिलं: सर्वांसाठी. बटणावर बोट मात्र बराच वेळ नुसतंच टेकलेलं होतं. मग ते दाबलं गेलं. पाचच मिनिटांत मैत्रिणीचा फोन आला, की दिसतंय.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलात काकूंना स्ट्रेचरच्या गाडीवर घेतलं. हिरव्या टोपीत त्या एवढ्याशा दिसत होत्या. काकांनी गाडीचा कठडा तीनदा ओढून बघितला.

"आली का कुणाची मागणी?" काकूंनी विचारलं.

"आली. कालच संध्याकाळी, चाकाची खुर्ची. तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात येऊन घेऊनही गेला."

"कोण होता?"

"विचारलं नाही."

काकू मान उचलून बघायला लागल्या. "नाव?"

"नाही विचारलं. तू विचारत नाहीस ना."

"अहो, मी फोनवर अर्धा तास बोलते, त्यात सगळं कळतं मला. राहतो कुठे, एवढं तरी?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. काकूंना हसू आवरेना. गाडी ढकलणारी नर्सही हसायला लागली आणि तशाच हसत काकू आत गेल्या.

काका बाकावर बसले. मागणीत फोन नंबर होता. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत त्यांनी निरोप लिहिला: पत्ता कळवावा. घाई नाही. खुर्ची लागेल तोवर ठेवा. तुमच्याकडे आजारी कोण आहे?