लिनक्सवरच्या क्रिकेटसाठी रजिस्टर पत्र

२००३ साली माझ्या मेहुण्याने दुबईहून क्रिकेटच्या गेमची सीडी आणली. मांडवीतल्या आमच्या घरी कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि त्याचे गोडवे मी गावभर गायले होते. गेम काही चालला नाही.

"भावजी, तुमचं लिनक्स एवढं विद्वान, पण त्याला बॅट धरता येत नाही," मेहुणा म्हणाला. "विंडोज टाका नि गप खेळा."

आमच्याकडे शेजाऱ्याच्या कुंपणाचा गडगा वीतभर सरकला तरी आधी रजिस्टर पत्र जातं. मीही सीडीच्या खोक्यावरच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवलं: लिनक्सवर चालेल असा गेम काढा.

दोन महिन्यांनी छापील उत्तर आलं: गेमला विंडोज लागतं.

"मिटलं?" मेहुण्याने फोनवर विचारलं.

"लागतं हे मला माहीत होतं. का लागतं, ते आता विचारतोय," म्हणालो आणि दुसरं पत्र घेऊन पोस्टात गेलो.