रुमाल, टोपडं आणि माझी अहिंसा

अहिंसा शिकल्यामुळे ज्याची बायको माहेरी गेली, असा आमच्या पंचक्रोशीतला मी पहिलाच माणूस.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. राज्य गेलं, पण गावोगावची भांडणं काही त्याच्याबरोबर गेली नाहीत. म्हणून एक खादीवाले गुरुजी गावं हिंडायचे. काठी न उचलता भांडण कसं मिटवायचं, याचं तीन दिवसांचं शिबिर त्यांनी ताडकळसला भरवलं. माझा राग तेव्हा गावात मशहूर होता. राग आला की हाताला येईल ते फेकायचो. (आमच्या घरातला एकही तांब्या सरळ बसत नसे, सगळ्यांना पोचे.) तरी मी सुधारायला म्हणून गेलो नव्हतो. न भांडायला माणसाला शिकवतात तरी काय, याचंच मला भारी कुतूहल होतं.

गुरुजींनी दोन गोष्टी शिकवल्या. राग आला की आधी गप्प बसायचं. मग समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं परत बोलून दाखवायचं, म्हणजे आपण नीट ऐकलं हे त्याला कळतं. माझी जोडी लावली लिंबाजी धनगराशी. त्याच्या शेळ्यांनी माझी तूर खाल्ल्यापासून दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. त्याचं म्हणणं मी बोलून दाखवलं, माझं त्यानं, आणि दुपारपर्यंत आम्ही दोघं एका चिलमीवर आलो. मी थक्कच झालो. हे घरी करून बघितलं तर काय होईल, असा किडा डोक्यात शिरला आणि तिथंच घोळ झाला.

घरी आलो तर बायको, रुक्मिण, शिवत बसलेली. चुडाव्याला तिच्या भावाला मुलगा झाला होता. त्याला टोपडं शिवायला तिनं माझा डोक्याला बांधायचा नवाकोरा लाल रुमाल कापला होता. मी तो एकदाच बांधला होता हो, एकदाच!

राग पार मस्तकात गेला. पण मी गप्प बसलो. तांब्या चुकवायच्या तयारीत रुक्मिण वाट बघत राहिली. तांब्या आला नाही. शिवी आली नाही. "अवो, बोला की कायतरी," ती म्हणाली. मी तिच्याकडं शांतपणे बघितलं. (शिबिरात हे बघणं सगळ्यांना आवडलं होतं.) जेवतानाही तसाच. आता आमच्याकडं नवरा ओरडला तर त्याला राग म्हणतात, तो सकाळपर्यंत उतरतो. पण नवरा गप्प बसला तर त्याला अबोला म्हणतात, आणि अबोल्याला घर भितं. मला वाटत होतं मी अहिंसा करतोय. घरच्यांना वाटत होतं मी दुसरी बायको करतोय.

सकाळी ती फुटली. "माझ्या माहेरचं चांगलं झालेलं तुमाला बगवत न्हाई."

मी दुसरा धडा काढला. "म्हंजी तुझं म्हणणं असं, की तुझ्या माहेरचं चांगलं झालेलं मला बगवत न्हाई. बरोबर?"

"ऐकलं का आत्याबाई, सोताच्या तोंडानं कबूल केलं."

आई चुलीपासून उठून आली. "आरं, तिला वेडावून कामून दाखवायलास?"

"म्हंजी तुझं म्हणणं असं, की मी तिला वेडावून दाखवायलोय."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. दुपारच्या गाडीनं रुक्मिण लेकीला कडेवर घेऊन चुडाव्याला गेली. मनातलं खरं सांगणार असाल तरच न्यायला या, नाहीतर येऊ नका, असं बजावून गेली.

आठ दिवसांत घर खायला उठलं. लेकीच्या वाळ्यांचा आवाज नाही की रुक्मिणच्या बांगड्यांचा नाही. खोटं कशाला सांगू, रडू यायचं. शेवटी मुकाट्यानं चुडावा गाठलं.

सासऱ्यांनी घोंगडीवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. चार जाणती माणसं आधीच येऊन बसली होती.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "आमच्या लेकीला नांदवायचं न्हाई, असं मनात हाय का तुमच्या?"

'म्हंजी तुमचं म्हणणं असं' एवढं माझ्या ओठापर्यंत आलं होतं. ते बाहेर पडलं असतं तर तिथंच काडीमोड झाला असता. मी ते गिळलं. तेवढ्यात मेव्हण्यानं कौतुकानं आपलं लेकरू आणून माझ्या मांडीवर ठेवलं. डोक्यावर माझा रुमाल, वर गोंडा.

मी फुटलोच. "न्हाई कसं, नांदवायचं हाय! पर माझा रुमाल न विचारता कामून कापला? विचारलं आसतं तर मीच फाडून दिला आसता!" बोलता बोलता हात तांब्याकडं गेला. सगळं घर हाताकडं बघू लागलं. मेव्हण्यानं लेकरू उचललं. मी तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यालो.

आतून रुक्मिण आली. डोळे ओले, पण हसत होती. "एवढंच व्हतं व्हय मनात? चुकलं माझं, विचारायला पायजे व्हतं. तुमी बी बोलत जावा. वराडा, भांडा, पर बोला. फेकायचं तेवढं सोडा." आणि गाठोडं बांधायला आत गेली. गुरुजींना तीन दिवस लागले ते तिनं एका दमात उरकलं.

परतीच्या गाडीत मी सांगितलं, येत्या बाजारी नवा रुमाल घेतो. ती म्हणाली, "एक इचारू? दोन घेता का? माझ्या धाकट्या बहिणीला सातवा लागलाय." विचारून मागितलं होतं, नाही कसं म्हणणार? दोन घेतले आणि घरी आणून तिच्यापुढं ठेवले. त्यातला माझा कोणता, हे विचारायचं धाडस मात्र मला अजून झालेलं नाही.