सगळ्यांची जेवणं झाल्यावर

"तुमच्या लोकांना घाई कसली गं? तुमच्या राखीव जागा शेवटपर्यंत पडूनच असतात. दरवर्षी मुदत वाढवतात. गर्दी ओसरली की दे अर्ज."

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये वकीलसाहेब जेवता जेवता बोलले. मी दारापाशी उभी. आई त्यांच्या मोरीत भांडी घासत होती. मी बारावी पास झाले होते. लॉचा अर्ज कधी द्यावा, एवढंच विचारायला हडपसरहून आले होते. साहेबांचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी गेला होता. तो ताटावरून मान वर करून हसला.

"हिला कसलं टेन्शन, बाबा? हिचं तर फिक्स आहे."

मला मार्क किती, कुणी विचारलं नाही.

बसमध्ये आई म्हणाली, "साहेब कायद्याचं माणूस हाय. थांब म्हणत्यात तर थांब."

थांबलो. थांबण्यात आम्ही तरबेज. त्या घरात सगळ्यांची जेवणं झाली की वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, उरलेली भाजी आईच्या डब्यात काढायच्या. तोवर आई मोरीपाशी बसून राहायची. त्या डब्यावर मी वाढले. शेवटी गेलं तरी मिळतं, हे अंगात मुरलेलं. कॉलेजातली हक्काची जागा मी त्या भाजीसारखी मागायला गेले.

खिडकीतला क्लार्क वरही न बघता म्हणाला, "तारीख काल संपली. बाहेर पाटी आहे. वाचायला लावलीय ती."

त्या वर्षी मुदत वाढलीच नाही.

मुलाच्या अ‍ॅडमिशनचे पेढे आईच्या डब्यातून आमच्या घरी आले. आईने एक माझ्या हातावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी हिंजवडीत एका कंपनीच्या काचा पुसायला लागले. आईला ताप यायचा. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, "वहिनींकडं पाव्हणं आल्यात. ते गेले की जाऊ."

पाहुणे गेले. आईही गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा डबा आणायला मी त्या घरी गेले. वहिनींनी तो घासून ठेवला होता. साहेब म्हणाले, "वाईट झालं. यंदा दे अर्ज. पण सावकाश, शेवटी शेवटी. तुमचं काय अडतंय?"

"आईचं अडलं, साहेब," मी म्हणाले. "अर्ज उद्या पहिल्या दिवशी देतेय. थांबायची सवय आईबरोबर गेली."

वहिनी म्हणाल्या, "भाजी घालून देऊ का थोडी?"

मी रिकामा डबा घेऊन उतरले. जिन्यात रडले. मग तोंड पुसलं.

सकाळी कॉलेजची खिडकी उघडली तेव्हा माझ्यापुढे कुणी नव्हतं.

आता दरवर्षी मी वस्तीतली दारं वाजवते. पोरांना उठवते, पहिल्या दिवशी रांगेत नेऊन उभं करते. कुणी शहाणा म्हणतोच, तुम्हाला घाई कसली? घाई आहे. तुमची जेवणं व्हायची वाट बघत आमची माणसं मेली. आता आम्ही आधी बसणार.